ऑफिसचा जुना पीसी आणि ब्राउझरमधून फुटणारी माहिती: आपल्या ग्रुपवरची चर्चा

ए-१०२ जोशी: "⚠️ सावधान! ब्राउझर उघडताच तुमच्या कॉम्प्युटरच्या मेमरीतले पासवर्ड आपोआप चोरले जात आहेत! नेटबँकिंग बंद करा! दहा जणांना पाठवा!" हे आत्ताच आलंय. खरं आहे का? उद्या हिच्या पेन्शनचं काम नेटबँकिंगवरून करायचंय, म्हणून विचारतोय.

सी-२०३ शेख: काका, असे मेसेज सारखे फिरत असतात. डिलीट करून टाका.

बी-५०४ पाटील: शेखदादा, 'दहा जणांना पाठवा' सोडून द्या, पण मूळ गोष्ट खोटी नाही. जोशीकाका, माझं कामच याच क्षेत्रातलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

३ जानेवारी २०१८ ला 'स्पेक्टर' नावाची त्रुटी जाहीर झाली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-त्रुटी शोधणाऱ्या टीममधल्या यान हॉर्न यांना ती सापडली, आणि पॉल कोचर व त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनाही स्वतंत्रपणे सापडली. दोष प्रोसेसरच्या, म्हणजे मशीनच्या मेंदूच्या, कामाच्या पद्धतीतच होता. इंटेल, एएमडी, एआरएम, तिघांच्याही प्रोसेसरमध्ये. म्हणजे कॉम्प्युटर आले, मोबाइलही आले.

मग ब्राउझरचा संबंध कुठे? तर आपण कुठलीही साईट उघडली की तिचा जावास्क्रिप्ट कोड आपल्या मशीनवर चालायला लागतो. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम, आपल्याला न विचारता. त्यामुळे या त्रुटीचा फायदा घ्यायला ब्राउझर हा चांगला रस्ता ठरतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की वेबपेजमधूनही हे करता येतं.

ए-१०२ जोशी: पण साईटला कुलपाचं चिन्ह असलं तर सुरक्षित ना? बँकेच्या पत्रकात तसंच छापलेलं असतं.

बी-५०४ पाटील: काका, कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या मशीनपासून त्या साईटपर्यंत वाटेत कुणी वाचत नाही. इथे चोरी वाटेत होतच नाही. माहिती तुमच्या मशीनमध्ये येऊन पोचल्यावर होते. आणि चोराच्या साईटलाही कुलूप असतंच, ते आता फुकट मिळतं.

बी-१०१ गायकवाड: पाटीलताई, एक साईट दुसऱ्या साईटची माहिती वाचतेच कशी? मी एका टॅबमध्ये बँक उघडली आणि दुसऱ्यात रेसिपी, तर रेसिपीवाल्याला बँकेचं कसं दिसेल?

बी-५०४ पाटील: सरळ दिसत नाही. ब्राउझर तशी परवानगी देतच नाही. म्हणून तर हा प्रकार इतका विलक्षण आहे.

आपल्या लिफ्टचंच बघा. समजा एक पाहुणा येऊन वॉचमनला विचारतो, "अमुक माणूस कितव्या मजल्यावर राहतो?" वॉचमन वेळ वाचावा म्हणून आधीच लिफ्ट त्या मजल्याकडे सोडतो आणि मग रजिस्टर उघडून परवानगी बघतो. परवानगी नाही. "सांगता येणार नाही" म्हणून पाहुण्याला परत पाठवतो. वॉचमनने काहीच सांगितलं नाही. पण पाहुण्याने जाता जाता लिफ्टचं बटण दाबलं आणि ती खाली यायला किती वेळ लागला ते मोजलं, तर मजला त्याला कळला.

प्रोसेसर हेच करतो. पुढची सूचना काय असेल याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो, कारण वाट बघत बसलं तर सगळं संथ होईल. अंदाज चुकला की केलेलं काम टाकून देतो. पण त्या कामासाठी जे कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान मेमरीत, आणलं होतं ते तिथेच राहतं. कॅशमधली गोष्ट पटकन मिळते, बाहेरची उशिरा. हा फरक नॅनोसेकंदांचा असतो, पण मोजता येतो. असं मोजत मोजत मेमरीतली गुपितं एकेक बाइट, म्हणजे साधारण एकेक अक्षर, करून बाहेर काढता येतात.

सी-२०३ शेख: ताई, हे प्रयोगशाळेत ठीक आहे. प्रत्यक्षात एकेक बाइट काढायला किती वेळ लागेल!

बी-५०४ पाटील: मलाही हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२१ मध्ये गूगलनेच एक प्रात्यक्षिक सगळ्यांसाठी खुलं केलं. क्रोम ८८ वर, इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर, सेकंदाला १ किलोबाइट, म्हणजे हजारएक बाइट, माहिती वाचता येत होती. पासवर्ड वीसएक बाइटांचा असतो. हिशोब करा.

ए-३०१ शिंदे: मग आयफोनवाले सुखी म्हणायचे. आमच्याकडे घरात सगळं ॲपलच आहे.

बी-५०४ पाटील: नाही हो शिंदेसाहेब. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'आयलीकेज' नावाचा याच जातीचा हल्ला जाहीर झाला तो खास ॲपलच्या सफारी ब्राउझरवरच. जॉर्जिया टेक, मिशिगन विद्यापीठ आणि जर्मनीतल्या बोखुमचं रूर विद्यापीठ इथल्या संशोधकांनी तो दाखवला. एका साईटने दुसरी साईट नव्या खिडकीत उघडली, तर सफारी दोघींना एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीच्या एकाच कप्प्यात, बसवत होती. त्यातून त्यांनी जीमेलच्या इनबॉक्समधला मजकूर वाचून दाखवला, आणि पासवर्ड मॅनेजरने आपोआप भरलेला इन्स्टाग्रामचा पासवर्डही. मशीनची पारख करायला सुमारे ५ मिनिटं आणि मग ६४ अक्षरांचं गुपित काढायला सुमारे ३० सेकंद.

मॅकवर क्रोम किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्यांना हा धोका नव्हता. आयफोनवर मात्र तेव्हा ॲपलच्या नियमामुळे सगळ्याच ब्राउझरना सफारीचंच इंजिन वापरावं लागत होतं. म्हणजे आयकॉन क्रोमचा असला तरी आत सफारीच. संशोधकांनी ॲपलला १२ सप्टेंबर २०२२ ला कळवलं होतं, आणि वर्षभरानंतर शोध जाहीर झाला तेव्हासुद्धा उपाय फक्त मॅकवर होता, तोही आपला आपण शोधून चालू करायचा. मला हे अजिबात पटलेलं नाही.

एक दिलासा सांगते. कुणी प्रत्यक्षात हे वापरून चोरी केल्याचा पुरावा त्या संशोधकांना मिळाला नव्हता. म्हणून काका, मेसेजमधलं 'चोरले जात आहेत' हे चूक. 'चोरता येतात' हे बरोबर.

ए-३०१ शिंदे: बापरे. मग आता करायचं काय?

बी-५०४ पाटील: ब्राउझरवाल्यांनी बरंच केलंय. २०१८ च्या जानेवारीतच त्यांनी साईटला वेळ मोजायला मिळणारं घड्याळ मुद्दाम ढोबळ करून टाकलं, फायरफॉक्स ५७.०.४ मध्ये ते लगेच आलं. पण खरा उपाय म्हणजे प्रत्येक साईटला वेगळी प्रोसेस. क्रोमने तो आवृत्ती ६७ पासून, म्हणजे २०१८ मध्येच, कॉम्प्युटरवर सुरू केला. फायरफॉक्समध्ये तो २०२१ च्या अखेरीस सगळ्यांना मिळाला. भिंत घातल्यावर बाजूच्या साईटने कितीही मोजलं तरी तिला स्वतःचीच मेमरी दिसते.

याची किंमत आहे. क्रोमला १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागायला लागली. क्रोम रॅम खातो म्हणून आपण सगळे ओरडतो, त्यातला काही भाग या भिंतींचा आहे, आणि तो द्यायला मी आनंदाने तयार आहे.

अँड्रॉइडवर मेमरी कमी, म्हणून क्रोम ७७ पासून ही भिंत ज्या साईटवर आपण पासवर्ड टाकून लॉगिन करतो त्यांच्यापुरती आली, तीही किमान २ जीबी रॅम असेल तरच. अगदी स्वस्तातला जुना फोन असेल तर त्यावर बँकेची साईट उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ए-१०२ जोशी: मग उद्याचं पेन्शनचं काम करू की नको? एवढंच सांग बाळा.

बी-५०४ पाटील: करा काका, नक्की करा. आधी क्रोमच्या तीन टिंबांवर जाऊन 'अबाउट' उघडा. अपडेट आलं असेल तर नुसतं डाउनलोड होऊन उपयोग नाही, 'रीलाँच' दाबावं लागतं. तोपर्यंत जुनाच ब्राउझर चालू असतो. काकूंचं काम करताना बाकी टॅब बंद ठेवा आणि झाल्यावर लॉगआउट करा. पैसे पाठवताना ओटीपीची दुसरी कडी असतेच. मला ईमेलची काळजी जास्त वाटते, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. तिथे टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, लावून घ्या. संध्याकाळी मी येऊन लावून देते.

ए-१०२ जोशी: ये नक्की. 🙏

बी-१०१ गायकवाड: ताई, मला आता वेगळीच धास्ती बसली. सोसायटी ऑफिसचा पीसी विंडोज ७ चा आहे. त्यावरच मी बँकेची साईट उघडते, व्हेंडरची पेमेंट्स करते, आणि पासवर्ड ब्राउझरमध्येच सेव्ह आहे. क्रोम उघडलं की वर पट्टी येते, अपडेट मिळणार नाही म्हणून.

बी-५०४ पाटील: गायकवाडताई, हे मात्र थांबवायलाच हवं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं ते विंडोज १० पासून पुढेच चालतं. १०९ मध्ये भिंती आहेत, तो प्रश्न नाही. पण त्यानंतर क्रोममध्ये ज्या त्रुटी सापडल्या आणि बुजवल्या, त्या तुमच्या पीसीवर उघड्याच आहेत. आणि कुठली त्रुटी कुठे होती हे दुरुस्तीनंतर सगळ्या जगाला वाचायला मिळतं.

सी-२०३ शेख: हे मलाही गंभीर वाटतंय. त्या खात्यात आपल्या सगळ्यांचा मेंटेनन्स आणि रिपेअर फंड आहे.

सेक्रेटरी कुलकर्णी: वाचतोय सगळं. नवीन पीसीचा विषय गेल्या कमिटी मिटिंगमध्ये खर्चामुळे मागे पडला होता. रविवारी पुन्हा घेतो. त्याच पीसीवर विंडोज १० टाकलं तर स्वस्तात भागेल का?

बी-५०४ पाटील: कुलकर्णीकाका, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तेवढ्यासाठी खर्च करू नका. विंडोज ११ चालेल असा साधा पीसी पुरे, हिशोबाचं टॅली आणि ब्राउझर एवढंच तर काम आहे. फार जुळेना तर त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून बँकेचं काम त्यातल्या फायरफॉक्समधून करता येईल. पण टॅलीची अडचण होईल.

सेक्रेटरी कुलकर्णी: ठीक. तोवर बँकेचं काम त्या पीसीवर बंद. गायकवाडताई, पेमेंट्स तुमच्या घरच्या लॅपटॉपवरून करा, मी अप्रूव्हल माझ्याकडून देतो. शेख, दोन-तीन दुकानांतून कोटेशन आणाल का?

सी-२०३ शेख: आणतो.

बी-१०१ गायकवाड: बँकेचा पासवर्ड आज रात्रीच लॅपटॉपवरून बदलते. जुन्या पीसीवर सेव्ह केलेले काढायचे ना?

बी-५०४ पाटील: हो, आधी बदला, मग तिथून काढा. व्हेंडरच्या ईमेलचा पासवर्डही राहू देऊ नका. आणि तो पीसी भंगारात द्यायच्या आधी हार्ड डिस्क काढून ठेवा, तिचं मी बघते.