कोर्टाला कायदा रद्द करायचा अधिकार आला कुठून?

म्हापसेकर: पोरगी एलएलबीला आहे, काल तिच्या नोट्स चाळत बसलो तर अमेरिकेच्या घटनेत हा अधिकार स्पष्ट लिहिलेलाच नाही म्हणे, मग आला कुठून?

फोंडेकर: दादा, 1803 चा मार्बरी खटला वाचा. मार्बरी नावाच्या माणसाच्या न्यायाधीशपदाच्या नेमणुकीच्या कागदावर सही झालेली, शिक्का मारलेला, पण तो त्याच्या हातात पोचलाच नाही आणि नव्या सरकारने अडवून ठेवला. सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस मार्शल म्हणाले हक्क तुझा खरा, पण 1789 च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या ज्या कलमावरून थेट आमच्याकडे आलास तेच घटनेविरुद्ध, म्हणून रद्द. हा अधिकार तिथूनच आला. मला हा निकाल फार आवडतो.

मडगावकर: तो शिक्का मारणारे मार्शलच होते, तेव्हा परराष्ट्रमंत्री! त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. आपल्याकडे घटनेच्या कलम 13 मध्येच लिहून ठेवलंय ते बरं.

म्हापसेकर: देव बरें करूं, पोरीला आत्ताच दाखवतो.