'साक्ष' आणि 'प्रचार': आपण नेमकं काय करतो?

परवा चर्चमधली उपासना संपल्यावर बाहेर चहा घेत उभे होतो. एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "काका, पाळक म्हणाले प्रत्येकानं येशूची सुवार्ता सांगायची. पण मला प्रचार करायला जमायचं न्हाई." तो 'प्रचार' माझ्या कानाला खटकला. कोल्हापुरात प्रचार म्हटला की रिक्षावरचा भोंगा, पत्रकं, दारोदार जोडलेले हात. त्यात विरोधक असतो आणि शेवटी मतं मोजायची असतात.

मराठी बायबलात या कामाला शब्द आहे 'साक्ष'. प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये येशू म्हणतो, 'माझे साक्षी व्हाल'. या शब्दात 'अक्षि' म्हणजे डोळा आहे. 'साक्षात'सुद्धा त्याच घरातला. आपण साक्ष देतो, काढतो, फिरवतो. लग्न अग्नीच्या साक्षीनं लागतं. नको ते करताना मन साक्ष देत नाही. सगळीकडे कुणीतरी पाहणारा आहे. मूळ ग्रीक 'मार्तुस' हाही कोर्टातलाच शब्द. जिवावर बेतलं तरी ज्यांनी साक्ष फिरवली नाही, त्यांच्यामुळे पुढे त्याला 'हुतात्मा' हा अर्थ आला.

'सुवार्तिक', म्हणजे सुवार्ता सांगणारा, या शब्दानंही थोडा घोटाळा केलाय. ते पद झालं, मग काम त्या पदावरच्या माणसाचं. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली अहमदनगरहून कोल्हापुरात आले, तेव्हापासून 'हे मिशनऱ्यांचं काम' ही समजूत आपल्याकडं घट्ट बसलीय. पण बायबलच्या नव्या करारात नाव घेऊन ज्याला सुवार्तिक म्हटलंय तो एकटा फिलिप्प, आणि त्याची पहिली नेमणूक होती विधवांना रोजचं अन्न नीट वाटलं जातंय का हे पाहण्याची. येशूच्या अनुयायांचा छळ सुरू झाल्यावर यरुशलेमेतून पांगलेले लोक वाटेत वचन सांगत गेले, तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, मागं शहरातच होते (कृत्ये ८).

प्रतिसाद: मी वकिली करतो. साक्षीदाराला सहसा समन्स काढून बोलवतात. तो आपणहून युक्तिवाद करायला लागला, तर 'विचारलं तेवढंच सांगा' म्हणून थांबवतात. मग न विचारता सांगणाऱ्याला साक्षीदार कसं म्हणायचं?

प्रतिसाद (मूळ लेखक): युक्तिवादाचं म्हणणं एकदम मान्य. निकाल देणं साक्षीदाराचं काम नव्हे. आमिष दाखवलं तर ती साक्षच उरत नाही. येशूचा शिष्य पेत्रही विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतो, आणि तेही सौम्यतेनं.

माझ्या आईचं सांगतो. शेजारच्या वहिनींचे मालक दवाखान्यात होते, तेव्हा आई रोज भाकरी-पिठल्याचा डबा द्यायची. एकदा डबा परत करताना वहिनींनी विचारलं, "एवढं कुणाच्या जिवावर करतासा?" आई म्हणाली, "आमचे हे गेले त्या रात्री मी प्रार्थना करत बसले होते. सकाळी मन थाऱ्यावर आलं. मला एवढंच ठाऊक आहे, ते येशूनं केलं." आणि डबा घासायला आत गेली. वहिनी आजही दर शुक्रवारी अंबाबाईला जातात, आणि आईच्या हातचं पिठलं मागून नेतात. आईनं जे पाहिलं ते सांगितलं. माझ्या लेखी ती पुरी साक्ष आहे.

समन्सचं मात्र मला तुमच्याइतकं पक्कं वाटत नाही. योहान ४ मधल्या शोमरोनी बाईला कुणीच बोलावलं नव्हतं. विहिरीवर येशू भेटल्यावर ती घागर तिथंच टाकून गावात गेली. तिनं सिद्ध काही केलं नाही. या, बघा, हाच ख्रिस्त असेल का, एवढं विचारलं. लोक आले, येशूला दोन दिवस ठेवून घेतलं, आणि मग तिला म्हणाले, आता तू सांगितलंस म्हणून नव्हे, आम्ही स्वतः ऐकलंय. तोवर त्यांच्याकडं जे होतं त्याला तुमच्या कोर्टात ऐकीव म्हणतात ना?