शिरेतून दिलेलं जीवनसत्त्व पेशीत किती पोहोचतं?

प्रश्न: सलाईनमधून सी जीवनसत्त्व दिलं की रक्तातली पातळी लगेच चढते. पण पेशींतला साठाही तसाच भरतो का?

प्रतिसाद १: नाही, तो हिशेब वेगळा. तोंडाने रोज 200 ते 400 मिग्रॅ घेतलं की रक्तातली पातळी लिटरला साधारण 70-80 मायक्रोमोलवर अडते. आतडं मर्यादित शोषतं, जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. शिरेतून दिलं की आतडं टळतं, पातळी कित्येक पट चढते आणि काही तासांत लघवीवाटे उतरते. पेशीत शिरायला मात्र वाहक प्रथिनं लागतात. त्यांची क्षमता भरली की वाढीव डोस वायाच. खरा उपयोग कमतरता असलेल्यांना, किंवा ज्यांचं आतडं शोषतच नाही त्यांना.

प्रतिसाद २: नुसता डोस देऊन भागत नाही, हे थायमिनमध्ये (बी१ जीवनसत्त्व) जास्त स्पष्ट दिसतं. वेर्निकेचा (थायमिनच्या कमतरतेने होणारा मेंदूचा आजार) संशय असेल तर 500 मिग्रॅ, 100 मिली नॉर्मल सलाईनमध्ये, 30 मिनिटांत, दिवसातून तीनदा. ग्लुकोज त्याच्या आधी नको. आणि मॅग्नेशियम बघाच! थायमिनचं सक्रिय रूप बनवणाऱ्या एन्झाइमला ते लागतं. ते कमी असेल तर डोस देऊनही रुग्ण सुधारत नाही.

प्रतिसाद ३: सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसआधी जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) तपासणी करा, ते कमी असेल तर तांबड्या पेशी फुटू शकतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर या जीवनसत्त्वापासून बनणारं ऑक्सलेट (एक क्षार) साचतं. नंतर काही तास ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवू शकतो. त्या आकड्यावर इन्सुलिन देऊ नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. बी१२चं इंजेक्शन स्नायूत किंवा त्वचेखाली द्या, शिरेतून दिलेलं बरंचसं लघवीत जातं.