‘कॉपी प्रोटेक्शन’ला मराठीत काय म्हणायचं?

वळणवाट: व्हिडिओ गेमच्या इतिहासावरचा लेख अनुवादते आहे. त्यात ‘कॉपी प्रोटेक्शन’ येतं, म्हणजे गेमची बेकायदा प्रत चालू नये म्हणून केलेली तजवीज. ‘कॉपी प्रोटेक्शन’साठी ‘नक्कल-संरक्षण’ लिहिलं, तर संपादकांचा शेरा आला, “म्हणजे नकलेचं संरक्षण?” बरोबरच आहे, वृक्षसंरक्षणात आपण झाडंच वाचवतो. ‘कॉपी’ तसंच ठेवलं तर परीक्षा डोळ्यांपुढे येते. सुचवा.

तळटीप: चौर्यप्रतिबंध.

बोरूबहाद्दर: चोरीत मूळ वस्तू जाते, इथे ती जागच्या जागी राहते. ‘चाचेगिरी’ रुळलाय ना? मग चाचेगिरी-रोधक.

तळटीप: चाचे समुद्रात गलबतं लुटतात. घरबसल्या फाइल उतरवणारा चाचा कसा? आमचे आजोबा तर सांगत, हा शब्द काठेवाडच्या चांच बेटावरून आला.

जॉयस्टिक: एका शब्दात हे मावणारच नाही, कारण तऱ्हा दोन आहेत. १९९० च्या ‘मंकी आयलंड’सोबत पुठ्ठ्याच्या दोन चकत्या यायच्या. पडद्यावरचा चेहरा जुळेपर्यंत त्या फिरवायच्या, चकतीच्या खिडकीत दिसलेलं वर्ष टाइप करायचं, मगच गेम सुरू. हे झालं कुलूप.

बोरूबहाद्दर: एका गेमची अशीच चकती मी हरवली होती. पैसे मोजून घेतलेला गेम, आणि बाहेर मीच! तेव्हापासून या प्रकाराचा राग आहे.

जॉयस्टिक: म्हणूनच दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. १९९५ च्या ‘अर्थबाउंड’ची बेकायदा प्रत आधी इशारा देते. तो काढून टाकला तरी गेम चालतो, फक्त शत्रूंची गर्दी वाढत जाते. तरीही शेवटच्या लढाईपर्यंत पोचलात, तर गेम तिथे गोठतो आणि जपून ठेवलेली सगळी प्रगती पुसतो. २००९ च्या बॅटमनच्या गेममध्ये बेकायदा प्रत असली की केप (पाठीवरचा झगा) पसरून तरंगताच यायचं नाही, उडी मारली की खाली. ‘स्पायरो’ गेमच्या तिसऱ्या भागात (२०००) प्रत अस्सल आहे का, हे पाहणाऱ्या तपासण्या थरांवर थर होत्या. एक निकामी केली तरी पुढची कुठे बसलीय ते संरक्षण फोडणाऱ्याला (क्रॅक करणाऱ्याला) कळेना. त्यात दोन महिन्यांहून जास्त काळ गेला, आणि विक्रीचा मोठा वाटा तर पहिल्या काही आठवड्यांतलाच असतो. याला मराठीत शब्द आहे: मेख. ग्यानबाची मेख!

वळणवाट: वा! ‘गेममधल्या मेखा’. पण दोन्ही तऱ्हांना मिळून काय म्हणू? मला शीर्षकात तेच हवंय.

तळटीप: मेख फारसी आहे. मराठी लेखात मराठी शब्द घ्या.

जॉयस्टिक: मग कुलूपही काढा, ते अरबी. दाराला काय लावणार?

तळटीप: अर्गला. आणि मेखेला कीलक. स्तोत्राच्या आरंभी ‘कीलकम्’ म्हणतो, ते हेच.

बोरूबहाद्दर: गेम खेळणारी मुलं कीलक वाचून पान उलटतील. शब्द कुठून आला यापेक्षा तो ऐकताच उमगतो का, हे बघा. मला विचाराल तर मेखेपेक्षा ‘पाचर’ चपखल. मेख दिसते, तिला गुरं बांधतात. पाचर फटीत बसते.

जॉयस्टिक: ‘यात एक मेख आहे’ म्हणतो तेव्हा ती दिसत नसते, हेच तर!

वळणवाट: शीर्षक?

बोरूबहाद्दर: पंचतंत्रातलं, अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटणारं माकड आठवा. काढली आणि स्वतःच अडकलं. क्रॅक करणाऱ्याचं नेमकं हेच होतं.

तळटीप: त्या गोष्टीत संस्कृतात ‘कील’च आहे. म्हणजे तुमची पाचर ती माझी कीलकच.

जॉयस्टिक: पण कील तर खिळ्यालाही म्हणतात. मग पाचर कशी?