विंडोज सोडताना (किंवा न सोडताना) घेतलेला पहिला लॅपटॉप: मराठवाड्यातले अनुभव सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले आणि तेव्हापासून ओळखीतले लोक एकच विचारायलेत: घरचा डेस्कटॉप विंडोज ११ घेईना, मग आता लॅपटॉपच घ्यावा का, आणि घ्यायचाच तर मॅक का नको? विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. एमएस-सीआयटीच्या दिवसांत घरी आलेले डबे त्यात बसत नाहीत.

यूट्यूबवर परीक्षणं ढिगानं आहेत, पण टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा), जुन्या मराठी फाँटातल्या फायली आणि मे महिन्यातली परभणी त्यांत येत नाही. म्हणून हा धागा. आधी काय वापरत होतात, काय घेतलं, कुठल्या कामासाठी, काय अडलं, ते लिहा. कोणतं भारी हा वाद इथं नको.

सुरुवात मी करते. छत्रपती संभाजीनगरला महाविद्यालयात शिकवते. कायम विंडोज डेस्कटॉप, आता मॅकबुक एअर. मराठी टंकनाची सगळ्यात जास्त धास्ती होती आणि तिथंच काही अडलं नाही. इनस्क्रिप्टचा (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीचा) देवनागरी कीबोर्ड मॅकमध्ये आधीपासून असतो, सेटिंग्जमधून फक्त चालू करायचा. इनस्क्रिप्ट न येणाऱ्यांसाठी देवनागरी क्वर्टीही आहे, म्हणजे इंग्रजी उच्चारांच्या कळांवर मराठी.

बोटांना मात्र वळण लावावं लागलं. कॉपी-पेस्ट कंट्रोलऐवजी कमांडनं, म्हणजे करंगळीचं काम अंगठ्याकडं. डिलीट लिहिलेली कळ मागचं अक्षर खोडते, पुढचं खोडायचं तर एफएन दाबून डिलीट. राइट क्लिक दोन बोटांनी. लाल गोळीनं खिडकी बंद होते, प्रोग्रॅम बहुतेक वेळा चालूच राहतो, खाली त्याच्या चित्राखाली ठिपका दिसतो.

खरी अडचण जुन्या हार्डडिस्कची. विंडोजची डिस्क बहुधा एनटीएफएस या पद्धतीनं (फॉरमॅटनं) आखलेली असते. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडं चालायला ती एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटची करावी लागते आणि तसं करताना डिस्क पुसली जाते, तेव्हा आधी सगळा मजकूर दुसरीकडं हलवा. विभागातल्या प्रोजेक्टरला एचडीएमआय आणि एअरला ते भोक नाही, म्हणजे अडॅप्टर आला. तो खर्च आधीच धरा.

लातूर, करसल्लागार

मॅडम, तुमचं ठीक आहे. हिशेबाच्या माणसानं मात्र या वाटेला जाऊ नये. माझी सून सीएची आर्टिकलशिप (उमेदवारी) करायलीय, तिचाही मॅकचा हट्ट होता. मी म्हणलं, टॅलीप्राइम विंडोजचं आहे, मॅकवर ते चालवायला आत दुसरं सॉफ्टवेअर, त्याच्या आत विंडोज, मग टॅली. मार्चएंडला एवढ्या उतरंडीतलं एक मडकं हललं की काम बंद. मॅकच्या एमएस ऑफिसात ॲक्सेस हा याद्या ठेवायचा प्रोग्रॅमही नाही. आमची जुनी पक्षकारांची यादी ॲक्सेसमध्येच आहे.

शेवटी १५.६ इंची विंडोज लॅपटॉप घेतला, उजवीकडं आकड्यांचा वेगळा पट्टा असलेला. तो पट्टा नसलेला लॅपटॉप हिशेबाच्या माणसाला कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. दुसरी गंमत कळांची. टॅलीत एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. डेस्कटॉपवर बोट न बघता जातं. नव्या लॅपटॉपवर एफ८ मारलं की व्हाउचर उघडायच्या ऐवजी कधी आवाज बंद, कधी पडदा अंधारा. बऱ्याच लॅपटॉपांत एफएन आणि एस्केप एकदम दाबलं की कळा मूळ कामावर येतात. एस्केपच्या कळीवर बारीक कुलूप छापलेलं असेल तर समजायचं की सोय आहे. आमच्या ऑफिसातला मुलगा रोज एफएन धरूनच काम करत होता बिचारा.

डिजिटल सहीच्या टोकनाचा ड्रायव्हर तुम्ही घेताय त्या प्रणालीसाठी आहे का, हे पैसे मोजण्याआधी बघा. आणि रॅम १६ जीबीच्या खाली नको. मागून वाढवता येते का, हेही विचारा. मॅकमध्ये येत नाही आणि बऱ्याच पातळ विंडोज लॅपटॉपांतही ती बोर्डालाच चिकटवलेली असते. बिल जीएसटी नंबरसह घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे, धंद्यासाठी घेतला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. "बिल नको, हजार-दोन हजार कमी करतो" म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठा.

हिंगोली, सेवा केंद्र चालवतो

काकांशी सहमत. ठशाचं यंत्र, स्कॅनर, पासबुक छापायचा प्रिंटर, ही तीन घेऊन मगच दुसऱ्या प्रणालीचा विचार करावा. मी विंडोजवरच राहिलो.

एक भर घालतो. दुकानात आता स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही दाखवतात. बॅटरी खरंच लांब चालते. पण तो एआरएम जातीचा, म्हणजे मोबाइलात असतो तसला प्रोसेसर. साधे प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर तसा चालत नाही, तो एआरएमसाठी वेगळा बनलेलाच लागतो. डब्यावर विंडोज लिहिलंय म्हणून गाफील राहू नका.

नांदेड, भावासाठी घेतला

नांदेडचे लोक जुन्या मालासाठी पुण्याला जात नाहीत, देवगिरीनं सिकंदराबादला जातात. चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये मजल्यावर मजले नुसते कॉम्प्युटर. मी भावासाठी सेकंडहँड मॅकबुक तिथूनच आणला. जायच्या आधी जे वाचून गेलो होतो, ते सांगतो.

इंटेलचा मॅक स्वस्त मिळतो, घेऊ नका. ॲपलनं २०२० च्या नोव्हेंबरात स्वतःच्या एम१ चिपचे मॅक काढले आणि २०२५ साली सांगून टाकलं की इंटेल मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती. त्यातही सगळे इंटेल मॅक बसत नाहीत, थोडेच.

दुसरं म्हणजे दुकानदाराला म्हणायचं, माझ्यासमोर पूर्ण पूस. मग आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पहिल्या पानापासून आपणच सेटअप करायचा. नेट जोडल्यावरच कळतं की मशीन आधीच्या मालकाच्या आयडीवर कुलूपबंद आहे का, नाहीतर एखाद्या कंपनीच्या ताब्यात आहे. "रिमोट मॅनेजमेंट" असं पान आलं तर स्वस्तात मिळालं तरी सोडून द्यायचं, पुढं कधीही ती कंपनी त्यावर हुकूम चालवू शकते. माझ्यासमोर पहिल्याच मशीनवर ते पान आलं. दुकानदार म्हणला, "भैया, नेट मत लगाओ, स्किप हो जाता." आम्ही पुढच्या दुकानात गेलो.

बॅटरीचे सायकल (पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्या) सिस्टिम रिपोर्टमध्ये दिसतात. अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटरीला १००० सायकलची मर्यादा धरलेली आहे. ९०० झालेल्यात नव्या बॅटरीचे पैसे धरूनच भाव करायचा.

भाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा आहे म्हणून मॅक. मेकॅनिकल-सिव्हिलच्या पोरांनी नाव काढू नका. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट, स्टॅड प्रो, ईटॅब्स सगळं विंडोजवर. बूटकॅम्प टाकून मॅकवर विंडोज चालवायचे दिवस इंटेलबरोबर गेले.

धाराशिव, साप्ताहिक काढतो

माझा प्रश्न लॅपटॉपचा कमी आणि फाँटाचा जास्त होता. आमचं साप्ताहिक पेजमेकर ७ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर निघायचं. ते २००१ चं, त्यापुढची आवृत्ती ॲडोबनं काढलीच नाही. त्यात युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नाही. म्हणजे आपण "क" टाइप करतो तेव्हा आत साठतं इंग्रजीचं एखादं अक्षर, आणि फाँट त्यावर "क" चं चित्र चढवतो. तो फाँट नसलेल्या मशीनवर हीच फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कागदावर सगळं झकास दिसतं म्हणून इतकी वर्षं कुणी विचार केला नाही.

मॅकबुक घ्यायचं ठरलं तेव्हा लॅपटॉपच्या आधी हे काम काढलं. लागणारा मजकूर, म्हणजे जाहीर नोटिसांचे साचे, वर्षश्राद्धाच्या जाहिराती, पंचांगाची चौकट, एवढंच युनिकोडमध्ये आणलं. कन्व्हर्टर फाँटाच्या जातीनुसार वेगळा लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आणि बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार पुढं सरकतो, "धर्म" चा "धमर्" होतो. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला बसते. आकडे तर नक्की तपासा. जमिनीच्या नोटिशीत गट नंबर बदलला तर वकील दारात.

मग पेजमेकरऐवजी ॲडोबचंच इनडिझाइन. तिथं मराठी मजकूर टाकला आणि जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या उलट्या. उपाय एका सेटिंगमध्ये आहे: परिच्छेदाच्या पर्यायांत "वर्ल्ड रेडी" कंपोझर निवडायचा. तो निवडला की "क्ष", "त्र", "र्‍या" सगळे रांगेत येतात. छपाई सोलापूरला होते, त्यांना पीडीएफ गेली की काम झालं, इकडं मॅक आहे का विंडोज हे त्यांना कळतही नाही.

जुना विंडोजवाला डबा विकला नाही. नेट काढून कोपऱ्यात ठेवलाय, जुने अंक उघडायला. कुणी "माझ्या आज्याची बातमी दिली होती तुम्ही" म्हणत आलं की तोच लागतो.

जालना, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते

मॅकबुक एअर का प्रो, एवढाच माझा प्रश्न होता. एअरला पंखा नसतो. साध्या कामाला ते छानच, आवाज नाही. पण लांब व्हिडिओ बाहेर काढताना मशीन तापलं की चिप आपोआप वेग कमी करते. ॲपलच्या तांत्रिक माहितीत वापराचं तापमान १० ते ३५ अंश दिलंय. आमची लग्नसराई एप्रिल-मेची आणि पारा तेव्हा ४० च्या वर. दुपारी लाइट गेली की कूलरही बंद. म्हणून पंखेवाला प्रो घेतला, तोही आधीच्या पिढीचा, त्यामुळं बजेटात बसला. साठवणीची मर्यादा ४५ अंश आहे, त्यामुळं उन्हात लावलेल्या बंद गाडीत लॅपटॉप ठेवायचा नाही, मॅक असो नाहीतर कोणताही.

२५६ जीबी व्हिडिओवाल्याला पुरत नाही. आतली जागा वाढवून घेण्यापेक्षा बाहेरची एसएसडी परवडते.

परभणी, कृषी विद्यापीठात पीएचडी करतो

सगळे मॅकवरच बोलायलेत म्हणून लिनक्सचं सांगतो. कार्यालयांतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप घेतला, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली. माझं सगळं काम आर (R) या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, आर लिनक्सवर झकास. लायसनचा खर्च शून्य.

ठरवायच्या आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघा, डिस्कला हात न लावता ते चालतं. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं तपासा. शेवटचं बहुतेक लोक विसरतात. जुन्या बिझनेस लॅपटॉपला बायोस पासवर्ड (मशीन सुरू होतानाच मागितला जाणारा) आहे का, तेही दुकानातच बघायचं. असला तर घेऊ नका, तो काढणं आपल्या हातचं नाही.

अडलं एकाच ठिकाणी, प्रबंधाच्या फायलीत. गाइड सर वर्डमध्ये दुरुस्त्या करून पाठवतात, लिबर ऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) तक्ते हलतात, पान नंबर घसरतात. सरांना लिनक्स शिकवण्यापेक्षा शेवटचा हात विभागातल्या विंडोजवर फिरवायचा, असं ठरवलंय.

बीड, गृहिणी

वाचून डोकं गरगरलं, पण कामाचं आहे. लेक बारावीला आहे. दुकानदार क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीचा लॅपटॉप) घ्या म्हणायलाय, स्वस्त आहे म्हणून. भाऊ मॅक म्हणतो. मोप पैसे घालून पुढं तिचा प्रवेश भलतीकडंच झाला तर? आणि तोवर घरच्या विंडोज १० चं काय करू?

लातूर, करसल्लागार

ताई, प्रवेश होईपर्यंत काहीच घेऊ नका. कॉलेज ठरलं की तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, कोणतं सॉफ्टवेअर लागतं. वैद्यकीयला गेली तर काहीही चालेल, सिव्हिलला गेली तर विंडोजच. क्रोमबुक व्हिडिओ, अभ्यास, टायपिंगला पुरतो. पण घेताना त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत आहेत, ती तारीख बघा. ती तारीख मॉडेलवर ठरते, तुमच्या बिलावर नाही. दुकानात पडून राहिलेला जुना मॉडेल "नवा" म्हणून गळ्यात मारतात.

धागाकर्ती

ताई, घरच्या मशीनला मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा अपडेटची वाढीव सोय ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो.

बीड, गृहिणी

मग प्रवेशापर्यंत थांबते. २२एच२ आहे का नाही, हे कुठं दिसतं?

धागाकर्ती

सेटिंग्ज, सिस्टिम, मग सगळ्यात खाली अबाउट. "व्हर्जन" पुढं लिहिलेलं असतं. २१एच२ किंवा त्याहून जुनं दिसलं तर आधी विंडोज अपडेट चालवून २२एच२ वर आणा, नोंदणी त्यानंतर.