'सिन्स टू इयर्स' म्हटलं तर नेमकं चुकतं काय?

वरणफळ:
काल ऑफिसातून क्लायंटला माझा एक मेल गेला, त्यात लिहिलं होतं 'आय ॲम हँडलिंग धिस अकाउंट सिन्स टू इयर्स'. टीममध्ये एक नवीन मुलगी आलीये, कॉन्व्हेंटची, ती हळूच म्हणाली सर तिथे फॉर पाहिजे, आणि आय ॲम पण नाही, आय हॅव बीन. हळूच म्हणाली हो, पण शेजारच्या तिघांनी ऐकलंच. आता मी मराठी माध्यमातला, पाचवीत एबीसीडी शिकलेला, 18 वर्षं नोकरी करतोय आणि 18 वर्षं हेच लिहितोय, आजवर कुणी हूं की चूं केलं नाही. मला नियम नकोय, तो गुगलवर मिळतो. माझा प्रश्न असा की 'दोन वर्षांपासून' मधल्या 'पासून'ला सिन्स नाही म्हणायचं तर मग म्हणायचं काय? डिक्शनरीत पण तेच दिलंय. असल्या अजून चुका माहीत असतील तर त्याही सांगून टाका, एकदाच काय ती शोभा होऊन जाऊ दे.

निवृत्त मास्तर:
चूक तुमची नाही, 'पासून'ची आहे. आपला पासून तीन कामं करतो. 'पुण्यापासून नाशिक' तिथे फ्रॉम, 'सोमवारपासून ताप' तिथे सिन्स, आणि 'दोन दिवसांपासून ताप' तिथे फॉर. इंग्रजीत सिन्सला सुरुवातीचा बिंदू लागतो, 2022, सोमवार, दिवाळी, लग्न झालं तेव्हा, असं काहीतरी. दोन वर्षं हा बिंदू नाही, लांबी आहे, म्हणून तिथे फॉर. 'केव्हापासून'चं उत्तर असेल तर सिन्स, 'किती दिवस'चं असेल तर फॉर, वर्गात मी एवढंच सांगायचो.

पण खरी गंमत पुढे आहे. आमची आजी 'दोन वर्षांपासून इथे राहते' असं बोलायचीच नाही. ती म्हणायची 'दोन वर्षं झाली इथे राहतेय' किंवा 'गेली दोन वर्षं मी इथेच आहे'. पासून कुठेय त्यात? नाहीच. 'गेली दोन वर्षं' मनात धरून लिहा, आपोआप 'फॉर द लास्ट टू इयर्स' येतं, सिन्स आठवतच नाही. आणि 'मला इथे येऊन दोन वर्षं झाली' हे तर इंग्रजीत जवळजवळ जसंच्या तसं जातं, 'इट्स टू इयर्स सिन्स आय केम हिअर', आणि तिथे सिन्स एकदम बरोबर कारण त्याच्यापुढे 'आलो' हा बिंदू आहे. मला तर शंका आहे की हे जिथे तिथे 'वर्षांपासून' हिंदीच्या 'दो साल से'मुळे वाढलंय, पण ते माझं मत, भांडायला येऊ नका.

हॅव बीनचं कारण वेगळं. चालू असलेली गोष्ट आपण वर्तमानकाळात सांगतो, 'राहतोय'. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेल्या गोष्टीसाठी वेगळं रूप लागतं. आपल्याला त्याची गरजच कधी वाटली नाही.

टपरीवरचा:
सिन्स तरी बरं, आमचे साहेब 'फ्रॉम टू इयर्स' म्हणतात. सगळं ऑफिस तेच म्हणतं आता, बरोबर म्हटलं तर शिष्टपणा वाटेल.

राईनकाठी:
वरणफळ, मनाला लावून घेऊ नका, मी जर्मनीत आहे आणि इथले इंजिनिअर मीटिंगमध्ये बिनधास्त 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतात. जर्मनमध्ये 'झाइट' हा एकच शब्द बिंदूलाही चालतो आणि कालावधीलाही, वर क्रियापद साध्या वर्तमानकाळात. म्हणजे डिट्टो आपला पासून. फ्रेंच कलीगचंही तेच, त्यांच्या 'दप्युई'ची हीच तऱ्हा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, म्हटलं हा तर आपल्या गल्लीतला माणूस!

माजघर:
माझी भर. 'काल मी बँकेत गेले होते'चं सरळ 'यस्टरडे आय हॅड गॉन टू द बँक' करतो आपण. मराठीत नुसतं 'गेले' म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, गेलीस आणि मग? म्हणून 'गेले होते', म्हणजे जाऊन आले, विषय संपला. इंग्रजीत उलटं, हॅड गॉन म्हटलं की ते वाट बघतात, कारण भूतकाळातच नंतर घडलेलं दुसरं काहीतरी यावं लागतं, बँकेत गेले होते तेवढ्यात कुरिअरवाला येऊन गेला, असं. नुसतं बँकेत जायचं असेल तर 'वेंट' बास.

आणि बंद! लाइट बंद कर, पंखा बंद कर, दार बंद कर, नळ बंद कर, आपल्याला एका शब्दात सगळं घर आवरतं. मग मुलांना 'क्लोज द फॅन' ऐकावं लागतं. 'आज सकाळी'चं टुडे मॉर्निंग (पाहिजे धिस मॉर्निंग), 'काल रात्री'चं यस्टरडे नाइट (पाहिजे लास्ट नाइट). परीक्षा तर आपण देतो, म्हणून 'आय गेव्ह द एक्झाम', आणि त्यांच्याकडे परीक्षा मास्तर देतात, मुलं घेतात.

केसांचं पण सांगते. आपले केस गळतात, अनेकवचन, म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग'. त्यांचा हेअर एकवचनी, सगळे मिळून एक. उलट आपला चष्मा एक, कात्री एक, पँट एक, आणि त्यांच्याकडे या सगळ्यांना एस लागतो. केस हजार असून एक आणि पँट एक असून दोन, आता बोला!

टपरीवरचा:
हजार कुणाचे, माझे मोजून दाखवू का 😄

आणि 'ओन्ली' राहिलं की. 'आय ॲम हिअर ओन्ली'.

निवृत्त मास्तर:
ओन्ली म्हणजे आपला च. पण च फार बारीक अक्षर आहे, त्याला इंग्रजीत एक शब्दच नाही. 'मी इथेच आहे' म्हणजे राइट हिअर. 'तोच माणूस' म्हणजे द सेम मॅन. 'मी कालच आलो' इथे मात्र ओन्ली चालतं, फक्त जागा बदलते, 'आय केम ओन्ली यस्टरडे', कारण च मागून चिकटतो आणि ओन्ली पुढे उभं राहतं. 'मीच केलं'मध्ये तर शब्दच लागत नाही, इंग्रज माणूस 'आय' वर आवाज चढवतो की झालं.

सडेतोड:
सगळं मान्य, पण किती दिवस दुसऱ्याच्या मोजपट्टीने मोजणार? 'प्रीपोन'ला (पोस्टपोनच्या उलट, ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हसायचे, आता तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, आणि त्या अर्थाने तो 1913 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेला म्हणून दाखवतात, म्हणजे आपला शोध पण नाही. 'व्हेअर डू यू स्टे' म्हटलं की इथले इंग्लिशवाले नाक मुरडतात, स्टे म्हणजे हॉटेलात राहणं म्हणे. स्कॉटलंडमध्ये जा, तिथले लोक स्वतःच्या घरात सुद्धा स्टेच करतात. 'पास आउट'चंही तेच, कॉलेजातून पास आउट झालो म्हटलं की 'बेशुद्ध पडलास का' हा शिळा विनोद. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते तेव्हा कुणी ॲम्ब्युलन्स बोलावत नाही. आणि कझिन ब्रदर मी सोडणार नाही. चुलत, मामे, आते, मावस एवढी नाती एका कझिनमध्ये कोंबायची आणि वर तो भाऊ की बहीण हेही सांगायचं नाही, हे कसलं नातं!

निवृत्त मास्तर:
सडेतोड, कझिन ब्रदरला माझाही पाठिंबा. पण प्रीपोन आणि सिन्स टू इयर्स एकाच टोपलीत टाकू नका. प्रीपोनने एक रिकामी जागा भरली, सिन्स टू इयर्सने कुठली भरली? पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये एक भेद सांगितला होता, एक चूक घसरून होते, माहीत असतं पण जीभ घसरते, आणि दुसरी शिकणाऱ्याच्या डोक्यातल्या नियमातूनच येते, म्हणून ती दरवेळी तश्शीच होते. वरणफळांची दुसरी. 18 वर्षं एकदाही चुकून बरोबर लिहिलं नाही त्यांनी, म्हणजे नियम किती पक्का होता बघा.

वरणफळ:
मास्तर, हे कौतुक समजू का?

बरं, आज मेल पाठवला, 'फॉर द लास्ट टू इयर्स'. त्या मुलीने बघितला, म्हणाली परफेक्ट सर, आणि पुढे म्हणते 'काही लागलं तर सांगा, मी तुमची मदत करेन'. आता माझे कान टवकारले. 'तुमची मदत' नाही ना, 'तुम्हाला मदत'? मी पण हळूच सांगितलं. शेजारच्या तिघांनी ऐकलंच. पण नंतर धाकधूक, आपलंच चुकलं नसेल ना?

निवृत्त मास्तर:
तुमचं बरोबर आहे. 'मेरी मदद करो' तिकडून आलंय. पण त्यासाठी वेगळा धागा काढा.