जतन, संवर्धन की जीर्णोद्धार? आणि ‘लिव्हेबल’ला काय म्हणायचं?

प्रश्न : जुन्या वस्त्या राखणाऱ्या व्यावसायिकांना ‘जतनतज्ज्ञ’ म्हणावं की ‘संवर्धनतज्ज्ञ’? आणि वस्ती ‘लिव्हेबल’ ठेवणं म्हणजे ‘निवासयोग्य’ ठेवणं का?

उत्तर : ‘जतन’ हा ‘यत्न’चा तद्भव. आहे ते टिकवायचं, झीज थोपवायची. ‘संवर्धन’च्या मुळाशी ‘वृध्’, म्हणजे वाढणं. अर्थ थोडा सरकतो, पण या व्यवसायासाठी तोच शब्द रुळला आहे, राहू द्या. जपून वापरायचा तो ‘जीर्णोद्धार’. तो ऐकला की नवा रंग आणि नवी फरशी डोळ्यांपुढे येते. १९६४ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, तर सांगते, जिथे अंदाज सुरू होतो तिथे पूर्वरूप देण्याचं काम थांबलं पाहिजे.

शब्द ढिला राहिला की भिंत भोगते. कामाच्या तपशिलात नुसतं ‘सांधे भरणे’ लिहिलं तर सिमेंट भरलं जातं. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीतली ओल सांध्यांवाटे बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल विटेतून निघते, क्षार विटेत साठतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून सविस्तर लिहा : सांधा रुंदीच्या निदान दुप्पट खोल, हातानेच उकरावा, धूळ काढून पाणी मारावं, १ भाग चुना, ३ भाग वाळू असा मसाला दाबून भरावा, वर ओलं गोणपाट ठेवावं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. घाईने वाळला तर भुसभुशीत राहतो.

प्रश्न : आणि ‘लिव्हेबल’?

उत्तर : ‘निवासयोग्य’ हा दाखल्यावरचा शब्द, एखाद्या खोलीपुरता ठीक. वस्तीसाठी आपल्याकडे ‘नांदती’ आहे. नुसतं राहणं नव्हे, सुखाने राहणं. संवर्धनतज्ज्ञाचं खरं कसब तिथेच लागतं : न्हाणीघरं मजल्यांवर एकाखाली एक घेतली की नळांसाठी तक्तपोशी (मजल्याखालचं फळ्यांचं छत) एकाच जागी कापावी लागते, काम टप्प्याटप्प्याने केलं की कुणाला घर सोडावं लागत नाही. दुरुस्तीनंतर भाडं झेपेना म्हणून जुने रहिवासी गेले, तर भिंती राहतात, वस्ती मोडते.

प्रश्न : अशा बदलांना ‘पुनर्वापर’ चालेल?

उत्तर : रिकाम्या गिरणीत वाचनालय केलं तर चालेल. माणसं राहत असलेल्या घराला नको. तिथला वापर थांबलेलाच नाही. तिथे ‘अनुकूलन’ म्हणा.